गावकुसाचं वय काढा

गावगाडा अनादि काळापासून असाच चालत आलाय, असं सांगणारा माणूस आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव भेटतो. तो कधी मारुतीच्या पारावर बसलेला असतो, कधी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, कधी सप्त्यात टाळ धरून उभा असतो. तिघांची भाषा वेगळी, म्हणणं एक. ज्याची त्याची जागा ठरलेली होती, बलुतं चालू होतं, सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते, मग इंग्रजानं येऊन भांडणं लावली. (आपल्याकडं १९४८ पर्यंत निजाम होता. पण एवढ्या बारीक गोष्टीकडं कोण बघतो!)

'अनादि' हा शब्द नीट ऐका दोस्तांनो. अनादि म्हणजे ज्याला सुरुवात नाही. आणि ज्याला सुरुवातच नाही त्याला शेवट कुठून असणार? सगळा डाव त्या एका शब्दात आहे.

म्हणून माझा साधा प्रश्न. गावकूस कधी बांधलं? देवळाचं वय यांना पाठ असतं. देशमुखाच्या गढीची सनद पेटीत असते. पाटलाच्या नऊ पिढ्या भाट धडाधडा सांगतो. आणि ज्या भिंतीच्या पलीकडं तुमच्या-माझ्या बापजाद्यांना ठेवलं, तिचं वय विचारलं की म्हणायचं, ती होतीच. अहो, भिंतीला पाया असतो. पाया मातीत असतो. मातीतलं वय काढायचं शास्त्र आहे, त्याला पुरातत्त्व म्हणतात, आणि ते शास्त्र आपण आजवर त्यांच्याच ताब्यात सोडून दिलंय. आपण कविता लिहिल्या, मोर्चे काढले, नामांतरासाठी सोळा वर्षं मार खाल्ला. खापरं मोजायचं काम मात्र पांढरपेशांचं समजून बाजूला ठेवलं. माझं भांडण निम्मं त्यांच्याशी आहे आणि निम्मं आपल्याशी.

काळी आणि पांढरी हे शब्द आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी पांढरी का? माणूस एका जागी शेकडो वर्षं राहिला की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडकं, सगळं थरावर थर साचत जातं आणि टेकाड तयार होतं. गोदेच्या, सिंदफणेच्या, मांजरेच्या काठानं चालत गेलं की अशी जुनी ओसाड टेकाडं लांबून ओळखू येतात. त्या मातीचा गुण असा की ती पाणी झिरपू देत नाही, म्हणून माळवदावर तीच टाकायची. ती खणली कोणी, पाट्या वाहिल्या कोणी? महारामांगाच्या बायाबापड्यांनी. पाट्या वाहून माझ्या आजीच्या टाळूवर केस उरले नव्हते. खणताना खापर निघायचं, शंखाची बांगडी निघायची, मणी निघायचा, कधी रांजणात लेकराची हाडं निघायची. "भुताचं हाय, टाक तिकडं," म्हणून मुकादम फेकायला लावायचा. पांढरी आपण डोक्यावरून वाहिली, पांढरीत राहिलो नाही. आपला वाडा पांढरीच्या बाहेर, बहुतेक गावांत उगवतीला.

आता माळवदावर न गेलेल्या एका पांढरीची गोष्ट सांगतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथं खोदकाम केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. त्याच्या आधी १९५०-५१ मध्ये नगर जिल्ह्यात जोर्वे इथं खोदलं होतं, म्हणून त्या सगळ्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. नेवासे, दायमाबाद, चांडोली, आणि आपल्या गेवराईला लागून वाहते त्याच गोदेच्या काठचं पैठणजवळचं आपेगाव, सगळीकडं तीच लाल खापरं, वर काळी नक्षी. म्हणजे ही माणसं आपल्याच नदीचं पाणी पीत होती. इनामगावची वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० ची. सातवाहन नव्हते, यादव नव्हते, बुद्धही अजून जन्मायचा होता. सव्वाशेवर घरं आणि अडीचशेवर दफनं निघाली. त्यामुळं महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं गाव कसं होतं हे आता कुणाच्या कीर्तनातून ऐकायची गरज राहिलेली नाही.

काय निघालं तिथं? गावाभोवती दगडमातीचा तट आणि खंदक. काही अभ्यासक म्हणतात, हे बांधकाम पुराच्या पाण्यासाठी असेल. असेलही. पण दायमाबादलाही तटाच्या खुणा आहेत, आणि धान्य साठवणारं गाव कुंपण घालतं ते एकट्या नदीला भिऊन घालत नाही. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर निघालं, त्याला लागून धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा भलामोठा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला गावचा मुखिया म्हटलं. बाकीच्या मोठ्या माणसांना आडवं पुरलेलं होतं आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून असेल, असा अंदाज आहे. याचे पाय मात्र शाबूत. वा रे वा! तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा पुढाऱ्याला सवलत होतीच.

कोठार, तट, मुखिया. म्हणजे लहानमोठं होतं. आपल्यातले काही वक्ते असं चित्र रंगवतात की आर्य यायच्या आधी इथं बंधुभावाचं राज्य होतं. मातीत तसं लिहिलेलं नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही.

कारण खरी गोष्ट पुढं आहे. ही मेलेली माणसं पुरली कुठं? राहत्या घराच्या जमिनीखाली आणि अंगणात. लेकरं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवली, खड्डा बुजवला, वरून सारवलं आणि तिथंच संसार चालू. मढं घरात, चूल घरात. आणि ही माणसं खात काय होती? जव, गहू, डाळी, बोरं, मासे, हरणाची शिकार, आणि गुरं. गाईबैलांची हाडं ढिगानं निघाली, त्यांवर कापल्याच्या खुणा, भाजल्याच्या खुणा. मुखियाच्या गावात गाय चुलीवर शिजत होती.

आता आपल्याला गावाबाहेर ठेवायची कारणं शास्त्रीबुवांनी कोणती सांगितली? मयताची लाकडं वाहतात. मेलेलं ढोर ओढतात. गाईचं मांस खातात. अरे, मढं काय आणि गोमांस काय, इनामगावात घरोघरी होतं! मढ्याशेजारी झोपणारा तोच, गुरं कापणारा तोच, कोठाराचा मालकही तोच. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बैल कापायलाही बंदी घातली. कायदा करणाऱ्यांना संस्कृतीचा फार उमाळा. त्या संस्कृतीचं जुन्यातलं जुनं स्वयंपाकघर डेक्कन कॉलेजनं उघडून ठेवलंय. आधी तिथं जाऊन चुलीतली हाडकं मोजायची होती, मग संस्कृतीच्या नावानं कायदा करायचा होता.

इथं प्राध्यापक बोट वर करतो. तो म्हणतो, इनामगावात कारागीर पश्चिमेच्या कडेला राहायचे आणि मुखिया मध्ये. म्हणजे सामाजिक अंतर होतं, म्हणजे जात होती, म्हणजे जात इतकी जुनी. तीन 'म्हणजे' टाकून तो तीन हजार वर्षं ओलांडतो. अंतर होतं, मान्य. पण कडेला राहणं आणि बाहेर राहणं यात किती फरक आहे हे ज्याला बाहेर ठेवलंय त्याला विचारा. कुंभाराची भट्टी कोणी मुखियाच्या उशाला लावत नाही. पाय तोडून घराखाली पुरायची रीत तर गावाची एकच. जिथं कोठार तिथं कोठाराचा मालक, ही गोष्ट जगात कुठंही घडते. जातीला त्याहून जास्त काहीतरी लागतं. ते काय, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगून ठेवलंय. जातीतल्या जातीत लग्न. सोयरीक बंद केली की जात तयार.

पण हाडावरून सोयरीक कशी ओळखणार? हाडावरून नाही, पण जिवंत माणसाच्या रक्तावरून आता ओळखता येते. हैदराबादची सीसीएमबी प्रयोगशाळा आणि अमेरिकेतलं हार्वर्ड इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सत्तरहून अधिक समूहांच्या रक्ताचा हिशोब मांडला. त्यात असं निघालं की साधारण ४२०० वर्षांपूर्वीपासून १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातली माणसं एकमेकांत मिसळत होती. उत्तरेची दक्षिणेची, वरची खालची, रानातलीसुद्धा. त्यानंतर मिसळणं थांबलं. दरवाजा लागला. इनामगाव नांदत होतं ते दरवाजा उघडा असतानाच्या काळात.

आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमाराचा धरला. तेव्हा रक्ताच्या प्रयोगशाळा नव्हत्या. स्मृती, चिनी प्रवाशांची टिपणं, गुप्त राजांची गोहत्याबंदी असे दाखले जोडत एकट्या माणसानं मांडलेला तो हिशोब. आधी सोयरीक बंद, मग काही पिढ्यांनी स्पर्श बंद, असा क्रम लागतो. प्रयोगशाळेनं बाबासाहेब सिद्ध केले असं मी म्हणणार नाही. ती लग्नाचं सांगते, शिवाशिवीचं सांगत नाही. पण 'अनादि'वाल्याचं तोंड तिनं बंद केलंय.

आता आपल्या घरात येतो.

आपल्या स्टेजवर एक भाषण ठरलेलं असतं. आर्य घोड्यांवर बसून आले, मोहेंजोदडोत त्यांनी आपल्या पूर्वजांची कत्तल केली, वाचले ते आपण. टाळ्या पडतात. ही कत्तल आपल्याला सांगितली कोणी? मॉर्टिमर व्हीलर नावाच्या इंग्रज साहेबानं. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत, खोल्यांत, विहिरीच्या पायऱ्यांवर काही सांगाडे अस्ताव्यस्त सापडले होते. १९४७ च्या सुमाराला व्हीलरनं ऋग्वेदातला किल्ले फोडणारा इंद्र बाहेर काढला आणि त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स या अमेरिकन संशोधकानं तो खटला मोडीत काढला. सांगाडे एका दिवसाचे नाहीत, एका थरातले नाहीत, लढाईची हत्यारं जवळपास नाहीत. पुढं केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तर मरताना वार बसल्याची खूण जेमतेम एखाद्या-दुसऱ्या माणसावर. साहेबाची कत्तल निकालात निघून साठ वर्षं झाली. आपल्या स्टेजवर ती अजून चालू आहे.

बाहेरून माणसं आली हे खरं. प्राचीन हाडांच्या डीएनएचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. इसवी सनापूर्वी २००० नंतर मध्य आशियापलीकडच्या गवताळ मुलखातले लोक इकडं सरकले, हे त्यातून दिसलं. 'आर्य इथलेच' म्हणणारांची त्यामुळं पंचाईत झालीय, ती ते चेहऱ्यावर दाखवत नाहीत एवढंच. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात सिनौलीला भरीव चाकांच्या गाड्या निघाल्या. घोड्याचा पत्ता नाही, तरी दुसऱ्या दिवशी 'रथ' आणि 'महाभारत' म्हणून भोंगा सुरू. त्यांचं त्यांच्यापाशी. आपलं काय? लोक आले म्हणून आलेले तेवढे ब्राह्मण आणि इथले तेवढे आपण, असं ठरत नाही. पुढची दोन हजार वर्षं सगळे एकमेकांत मिसळले, हे आत्ताच सांगितलं.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त इराणातून आलेल्या भटांची गोष्ट सांगितली, ती भटांचीच पुराणं उलटी धरून. वामन, परशुराम सगळे त्यांनी बळीराजाच्या बाजूनं वाचले. त्या लढाईत ते हत्यार चाललं आणि अजून त्याला धार आहे. पण बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरच्या पुस्तकात आणि १९४८ च्या पुस्तकात वंशाची गोष्ट पुन्हा तपासली आणि टाकून दिली. नाकाडोक्यांची मापं घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. मला यात फार मोठी लढाऊ बुद्धी दिसते. वंश मानला की अस्पृश्यता रक्तात जाते. रक्तात गेली की ती पुन्हा अनादि झाली. मग पारावरचा माणूस आणि आपल्या स्टेजवरचा माणूस एकच गोष्ट सांगायला लागतात, एक हसून आणि एक ओरडून.

मग लढाया झाल्याच नाहीत का? झाल्या की. सुदानमध्ये नाईलच्या काठी जेबेल सहाबा इथं तेरा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी निघाली, माणसांच्या हाडांत दगडी टोकं रुतलेली. जर्मनीत टालहाइमला १९८३ मध्ये एक खड्डा सापडला, सात हजार वर्षांपूर्वीचा. ३४ माणसं, त्यात सोळा लेकरं, दगडी कुऱ्हाडींनी डोकी फोडून एकावर एक टाकलेली. आणि आपल्या विदर्भात नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं शिळावर्तुळं आहेत. लोखंड आलेल्या काळातली, मोठमोठे धोंडे गोल मांडलेली. माहुरझरीला शां. भा. देवांनी १९७०-७२ मध्ये खोदलं तेव्हा आत माणसाबरोबर कुऱ्हाडी, खंजीर, भाल्याची टोकं आणि घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज निघाला. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. पुस्तकं म्हणतात, हे योद्धे. घोडेवाल्याचं स्मारक झालं. धोंडे ओढणाराचं, भट्टीपुढं भाजणाराचं कुठं झालं? इतिहासवाल्याला मेलेला योद्धा फार आवडतो. आपल्यालाही आवडायला लागलाय. ज्याला त्याला आपला पूर्वज राजा पाहिजे, सरदार पाहिजे, हातात तलवार पाहिजे.

बाबासाहेबांनी वेगळाच प्रश्न विचारला. लढाईत मेले ते मेले. हरून वाचले ते कुठं गेले? टोळी फुटली, गुरं लुटली गेली, पाचपंचवीस जीव उरले आणि रानोमाळ झाले. त्यांना ते ब्रोकन मेन म्हणतात, आपल्या भाषेत वाताहत झालेली माणसं. इकडं ज्या टोळ्या शेती धरून एका जागी बसल्या त्यांना फिरत्या टोळ्यांच्या धाडींची धास्ती. बसलेल्यांना राखणदार पाहिजे, वाताहत झालेल्यांना आसरा आणि भाकरी पाहिजे. सौदा झाला. राखण करा, सीमेवर राहा. रक्ताचे नव्हते म्हणून आत घेतलं नाही, आणि धाड सीमेवरून येते म्हणून सीमेवर ठेवलं. अंत्यज, अंत्यवासी या शब्दांचा अर्थ त्यांनी तसाच लावला, गावाच्या अंताला राहणारे. या सौद्यात विटाळ कुठंच नाही. तो नंतर लादला, आपण बुद्ध सोडला नाही आणि गोमांस सोडलं नाही म्हणून.

येसकराची काठी आठवा. वेस राखायला येसकर, शिवेचं भांडण लागलं तर साक्ष महाराची, सरकारी खजिना पोचवायचा तर सोबत महार. सौद्याचा कागद कधीच हरवला, हप्ते मात्र आपल्या आज्यापर्यंत चालू होते.

बाबासाहेब आयर्लंडचे आणि वेल्सचे दाखले देतात. तिथंही वाताहत झालेले परके होते, आयर्लंडात त्यांना फुइधिर म्हणत, वेल्समध्ये अल्टुड. तेही वस्तीच्या कडेला राहिले. काही पिढ्या गेल्या आणि ते तिथल्या लोकांत विरघळले. आज आयर्लंडात जाऊन फुइधिरांची आळी विचारा, कोण दाखवील? आपली आळी शाबूत आहे. पाटी तेवढी बदलून भीमनगर झाली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा कागद काळा करतोय ती. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की हे माझं म्हणणं शेवटचा शब्द मानू नका. जिथं दुवे सापडत नाहीत तिथं तर्कानं पूल बांधावा लागला, हेही सांगतात. म्हणजे पुढच्या पिढीला काम नेमून दिलं. आपण पुस्तकाला हार घातला.

इनामगाव त्यांच्या तर्काला धरून आहे का? तट आहे, खंदक आहे, कोठार आहे, म्हणजे कुणाची तरी भीती होती. पुढं इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊसपाणी बिघडलं. मोठी चौकोनी घरं गेली, गोल खोपटी आली. शेती घटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. ७०० च्या सुमाराला गाव उठलं. जोर्वे काळातली बरीच गावं अशीच ओसाड झाली. दुष्काळानं गाव कसं उठतं हे बीडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. १९७२ ला खडी फोडून जगलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तेव्हा मला बाबासाहेबांच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते. माणसांची वाताहत लढाईनं होते तशी कोरड्या आभाळानंही होते. गोदेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातून उठलेली ती माणसं कुणाच्या ना कुणाच्या तटाबाहेर जाऊन उभी राहिली असणार. तिथं त्यांना भाकरी कोणत्या अटीवर मिळाली?

हे कळायचं तर तटाच्या बाहेर खोदावं लागतं. राखणदाराची झोपडी होती का, त्याचं खापर तेच होतं का वेगळं, त्याच्या चुलीत तीच हाडं होती का, त्याचं मूल तशाच रांजणात पुरलं का. आणि खोदणारे खड्डा कुठं घेतात? टेकाडाच्या पोटात, जिथं मुखियाचं घर निघायची आशा. गावकूस खोदणाऱ्याच्या डोक्यातही असतं.

एका गावकुसाचं साल मात्र आपल्याला तोंडपाठ आहे. १३३८. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला महार लावले होते, भिंत ढासळली आणि त्यांच्याबरोबर चोखोबा तिच्याखाली गेला. नामदेव हाडं शोधायला आले. ज्या हाडातून विठ्ठल ऐकू आला ते चोखोबाचं, अशी कथा आहे. गोड कथा. पण बाकीच्या हाडांचं काय झालं? तीही बोलत असतील, ऐकायला कोणी थांबलं नाही. १९४८ चं ते पुस्तक बाबासाहेबांनी तिघा संतांच्या स्मृतीला वाहिलं, त्यांत चोखोबा आहे. भिंत देवानं घातली म्हणणाऱ्याला हे साल सांगा. ती कोणी बांधली, कोणाच्या हातांनी बांधली आणि कोण तिच्याखाली मेलं, सगळं माहीत आहे.

दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणताना तांब्याची चार शिल्पं सापडली. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोच्या वर वजन. (रथाला बैल आहेत, घोडे नाहीत, हे सिनौलीवाल्यांना कळवा.) ती कोणत्या काळातली यावर विद्वानांनी कागदामागून कागद लिहिले. खोड खणणारा भिल्ल गोष्टीच्या पहिल्या ओळीत येतो आणि तिथंच संपतो.

आपल्याकडं तर पहिली ओळही लिहायची राहून जाईल अशी वेळ आलीय. पूर्वी पांढरी पाटीनं जायची, आता जेसीबी आणि ट्रॅक्टरनं जाते. एका रात्रीत टेकाड साफ. जायकवाडी, माजलगाव, मांजरा, या धरणांच्या पाण्याखाली नदीकाठच्या कितीतरी पांढऱ्या गेल्या. उरल्या आहेत त्यांची नोंद करायला डिग्री लागत नाही, वही लागते. गावाचं नाव, टेकाड कोणत्या दिशेला, किती पावलं लांब, किती रुंद. वेस कुठं होती, येसकर कुठं बसायचा, महारवाडा आणि मांगवाडा टेकाडाच्या कोणत्या अंगाला, आणि मधे ओढा का रस्ता का मोकळं रान. म्हाताऱ्यांना विचारा, "आज्जा, आपुन हितं कवापासून?" सांगतील ते तसंच्या तसं उतरवून घ्या, सुधारू नका. वर पडलेली खापरं बघा, फोटो काढा, जागा लिहा.

एक गोष्ट मात्र करू नका. स्वतः खणू नका. कोणतं खापर कोणत्या थरात होतं यावरच सगळं वय ठरतं. हौसेनं मारलेली एक कुदळ आपलाच साक्षीदार मारते. मजुरी करताना काही निघालंच, तर १८७८ चा निखात निधी कायदा लक्षात ठेवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवावंच लागतं. तोंडी सांगून मुकादमाच्या हवाली करू नका. लेखी कळवा, पोच घ्या, आणि ज्या बाईच्या खोऱ्याला ती वस्तू लागली तिचं नाव अर्जात पहिल्या ओळीत घाला. शेवटच्या ओळीतही घाला.

अशा पन्नास गावांच्या वह्या झाल्या की त्या घेऊन औरंगाबादला जायचं, विद्यापीठात. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून १९७८ ते १९९४ आपली घरं जळली. बाबासाहेबांच्या प्रश्नावर तिथून एक खड्डा मागायचा, पांढरीच्या बाहेर, येसकराच्या जागेवर. नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागायचं.

मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांनी पांढरी धुऊन निघते, खापरं आणि मणी वर येतात. जायचं तेव्हाच जा. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात, कोयते कारखान्यावर जातात, आणि विचारायला गावात म्हातारी माणसं तेवढी राहतात. त्यांचाही काही भरवसा नाही.